म्बुया स्टीम

रुतेंडोला कुजबुजता येत नसे. आमचा मॅनेजर ग्रॅहम एकदा केस काळेभोर करून आला, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या तोंडावर हात ठेवून बोलत होतो. तो दारात आला तसे आमचे आवाज बंद झाले. फक्त रुतेंडोचं वाक्य होतं त्याच पट्टीत पूर्ण झालं, "आणि मिशी मात्र विसरलाय." ग्रॅहमने मिशीला हात लावला. दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती.

"बोलायचं तर पूर्ण बोलावं, नाहीतर गिळून टाकावं," ती म्हणायची. "अर्धं तोंडात, अर्धं हनुवटीवर, हे तान्ह्या बाळांनी करावं."

मला हे कधीच जमलं नाही. त्यामुळे तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी हेवाच वर येतो. तो बाजूला सारून नीट, मोठ्या मनाने लिहावं म्हणून मी दोन-तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही. तेव्हा तो असू दे.

बर्मिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करते, तिथे तळघरात स्टराइल सर्व्हिसेस नावाचं खातं आहे. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी आमच्याकडे येतात. त्या धुवायच्या, तपासायच्या, लिस्टप्रमाणे ट्रेमध्ये मांडायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करून परत ऑपरेशन थिएटरला पाठवायच्या. खिडकी नाही, बाहेर ऊन आहे की बर्फ ते कळत नाही. मी तिथे टीम लीडर. माझी पॅकिंग रूम शांत असते, चुका होत नाहीत, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा अभिमान होता.

सहा वर्षांपूर्वी रुतेंडो तिथे आली. झिंबाब्वेची, हरारेची. वय तेव्हा एकेचाळीस. बुटकी, भरलेली, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, करड्या रंगाचं कार्डिगन. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या पोरांना डोळ्यांनी दटावणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातली वाटायची. पहिल्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे विचारलं, कामाशिवाय काय आवडतं?

"मी रॅपर आहे," ती म्हणाली.

"ते आपण इथे सगळेच आहोत," मी ट्रे रॅप करायच्या कागदांकडे बोट दाखवलं. "तुलाही शिकवू."

ती अशी हसली, की ऑटोक्लेव्हपाशी उभी असलेली डानूटा धावत आली. बिचारीला वाटलं, कुणाला तरी भाजलं. हा विनोद रुतेंडो नंतर प्रत्येक स्टेजवर सांगायची आणि प्रत्येक वेळी लोक हसायचे. विनोद माझा होता. फक्त मी तो विनोद म्हणून केला नव्हता.

तिच्या भाषेत, शोनामध्ये, बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, पुढे 'माई' लावून. माझ्या मुलीचं नाव ईरा. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मी 'माई ईरा' झाले. सांगलीला आमच्या शेजारी एक माई राहायच्या. इतक्या वर्षांनी तो शब्द हाक म्हणून कानावर आला, तोही हरारेच्या बाईकडून, आणि मला ते आवडलं. आम्ही अर्थात इंग्रजीत बोलायचो. इथे लिहिलेलं मराठी माझं आहे.

तिची पहिली सवय, जिचा मला त्रास झाला, ती मोजण्याची. पॅकिंगला दोघी लागतात. एकीने लिस्ट वाचायची, दुसरीने मोजायचं. आम्ही वर्षानुवर्षं ते पुटपुटत करायचो. रुतेंडोने लिस्ट हातात घेतली आणि स्टीलच्या टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला. "आर्टरी सहा, ॲलिस चार, कात्री वाकडी, कात्री सरळ, सुई धरायची मोठी एक, छोटी गेली कुठे? हां, ही बघ." आर्टरी, ॲलिस ही पकडींची नावं. एका ट्रेनंतर डानूटाची मान हलायला लागली. आठवड्याभरात सगळी खोली हलायला लागली. मी तिला सांगितलं, टेबलावर इन्स्ट्रुमेंट आपटायचं नाही, टोकं बोथट होतात. ती म्हणाली, "मी बोटं आपटतेय, माई ईरा. त्यांना टोकं नाहीत."

चुका वाढल्या असत्या तर मी तो प्रकार बंद केला असता. मी रोज बघत होते. वाढल्या नाहीत. महिन्याच्या मीटिंगमध्ये ग्रॅहम म्हणाला, "पॅकिंग रूममध्ये हल्ली काय जादू केलीय?" आणि त्याने माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

दुसरी सवय टेपची. ट्रेवर आम्ही एक चिकटपट्टी लावतो. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या फिकट रेघा काळ्या होतात. उरलेले तुकडे फेकून द्यायचे असतात. रुतेंडो ते खिशात टाकायची आणि मार्करने त्यांच्यावर ओळी लिहून लॉकरच्या दाराला आतून चिकटवायची. तिचं ते दार उघडलं की आत शंभरेक तुकडे फडफडत असायचे. एकदा ती समोर नसताना मी वाचायला गेले. एकावर लिहिलं होतं, 'माझा आवाज आज सकाळी माझ्या आधी उठला.' मी दार लावून टाकलं. दिवसभर ती ओळ माझ्या मागे होती. कॉलेजात असताना मी कविता करायचे. एक दिवाळी अंकात छापूनही आली होती. मग लग्न, व्हिसा, ईरा, नोकरी. कुणी बंद कर म्हणालं नाही, मीच केली. हे मी कुणाला सांगत नसे. रुतेंडोला तर मुळीच नाही.

तिने मात्र तिचं सगळं सांगितलं, आणि तेही उभ्याने, डब्यातला मक्याचा घट्ट सांजा बोटांनी खात. ती जेवायला कधी बसायची नाही. एकोणिसाव्या वर्षी हरारेत ती चार मुलांच्या ग्रुपमध्ये होती. मुलं रॅप करायची आणि हिने मधेमधे धृपद गायचं. मुलीने गोड गावं, बोलावं मुलांनी. पण त्यातल्या दोघांच्या ओळी लिहायची हीच. एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. धृपद संपलं, मुलगा माइकसाठी पुढे आला आणि हिने माइक सोडलाच नाही. त्याला लिहून दिलेलं कडवं हिनेच म्हणून टाकलं, सोळाच्या सोळा ओळी. तो शेजारी तोंड उघडं ठेवून उभा.

"मग?"

"मग काढलं मला ग्रुपमधून. पण तोपर्यंत म्हणून झालं होतं ना!"

पुढे लग्न झालं, नवऱ्यामागोमाग ती इंग्लंडला आली, केअर होममध्ये म्हाताऱ्यांचं करू लागली. नवऱ्याला बायकोचा आवाज घरात चालायचा, दाराबाहेर नाही. पंधरा वर्षं तिने एक ओळ लिहिली नाही. चाळिशीला ती घराबाहेर पडली, नवऱ्यापासूनही आणि गप्प बसण्यापासूनही. आमच्याकडे आल्यावर स्टेजवरचं नाव घेतलं 'म्बुया स्टीम'. स्टीम आमच्या वाफेवरून, आणि म्बुया म्हणजे आजी.

"पण तू कुठे आजी आहेस?" मी विचारलं.

"आमच्याकडे आजी बोलत असली की कुणी मध्ये तोंड घालत नाही. तेवढ्यासाठी घेतलं."

तिच्या रॅपमध्ये शिवी नसायची. आई ऐकायची म्हणून. प्रत्येक नवी गोष्ट ती फोनवर रेकॉर्ड करून हरारेला पाठवायची आणि आईचा निरोप आम्हा सर्वांना लंच ब्रेकमध्ये ऐकवायची. म्हातारी बहुतेक वेळा एकच म्हणायची, "शब्द चावू नकोस. बातम्या देणाऱ्या बाईसारखं स्पष्ट बोल." तिच्या गाण्यांत प्रेमभंग, बंगले, गाड्या असलं काही नसे. केअर होममध्ये एका म्हाताऱ्याने आंघोळ घालताना 'तुझा रंग लागेल' म्हणून हात झिडकारला आणि तोच शेवटच्या रात्री तिचा हात सोडेना, यावर एक होतं. बसमध्ये शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते, त्यावर एक होतं. ऐकताना लोक आधी हसायचे आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प व्हायचे.

संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू करते. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका येतात. चार वर्षांपूर्वी मी रुतेंडोला आणि डानूटाला बोलावलं. खरं सांगायचं तर मला त्यांना माझं राज्य दाखवायचं होतं. आमच्या मंडळात उखाणा म्हटलं की माझं नाव. दरवर्षी नवा करते, पाठ केलेले घेत नाही. त्या वर्षीचा असा होता:

कालव्याच्या पाण्यावर बदकांची रांग,
मिलिंदराव, ऊठसूट विचारू नका, भाजी तुम्हीच सांगा सांग.

शेवटचा 'सांग' मुद्दाम जास्तीचा, ठसक्यात म्हणायचा. बायकांनी टाळ्या दिल्या. रुतेंडोने ईराला विचारलं, हे काय चाललंय? ईरा तेव्हा चौदाची होती. घरात पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारी. त्या दिवशी मात्र ती रुतेंडोच्या खुर्चीच्या हातावर बसून भाषांतर करत होती. "बायका हजबंडचं नाव घेतात, रायमिंग करून. डायरेक्ट नाव नाही घ्यायचं, म्हणून."

"हे तर आमचंच काम आहे!" रुतेंडो मोठ्याने म्हणाली. "सुंदर केलंस, माई ईरा. पण यात तुझं नाव कुठंय?"

बायका हसल्या. मीही हसले. "ते नसतंच," मी म्हटलं.

"मग मी घेऊ का? मला नवरा नाही, पण नाव आहे."

मी पाध्येकाकूंकडे बघितलं. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, साठ वर्षांपासून इथे. हळदीकुंकवाचे नियम त्यांच्याकडून शिकायचे असा मंडळात रिवाज. काकूंनी कुंकवाचा करंडा उचलला, उठून रुतेंडोच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "घे गं बाई. ऐकू तरी दे."

तिने तिळगुळाची रिकामी वाटी उपडी घातली आणि तिच्यावर दोन बोटं वाजवायला लागली. मोजून चार ओळी म्हटल्या, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या शोनात. ईराने दोन दिवस खपून त्यांचं मराठी केलं. माझ्या मुलीने आपणहून लिहिलेलं ते पहिलं मराठी.

"आई, पाठ तो असतो का ती?"

"ती पाठ."

"मग 'माझी पाठ वाकत नाही'. पण एंडला पाठ पाहिजे. उलटं केलं तर चालतं?"

"कवितेत चालतं."

आईनं दुसऱ्यांच्या कॉलरी केल्या इस्त्रीनं ताठ,
म्हणून वाकत नाही कुणापुढं माझी पाठ.
नवरा म्हणाला गप्प बस, मी बदललं गाव,
रुतेंडो मी रुतेंडो, घेते माझंच नाव.

त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात काय झालं, ते बायका अजून सांगतात. पाध्येकाकूंनी उभं राहून स्वतःचं नाव घेतलं, माहेरचं. मग एकेक जण उठली. माझ्या बदकांची आठवण कुणालाच राहिली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण कॉफी उकळत बसले. चौदा वर्षं ज्या मुलीला मी 'मराठीत बोल' म्हणून विनवलं, ती बाहेर शोना शब्दांचे मराठी अर्थ लावत होती.

पुढे ईरा शनिवारी रुतेंडोच्या वर्कशॉपला जाऊ लागली. हँड्सवर्थला एका लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर ती मुलींना रॅप लिहायला शिकवायची. रविवारच्या माझ्या मराठीच्या वर्गाला ईराचं पोट दुखायचं. शनिवारी कधी दुखलं नाही. घरी आली की "रुतेंडो म्हणाली" ने वाक्य सुरू व्हायचं. शाळेत मुली तिला त्रास देत होत्या हे मला दोन वर्षांनी, रुतेंडोकडून कळलं. "तुला माहीत असेल असं वाटलं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं होतं. मी "हो, थोडं माहीत होतं" म्हटलं. खोटं.

एकदा ईराची वही डायनिंग टेबलावर उघडी होती. माझ्यावरच होतं. 'माझी आई प्रत्येक डब्यावर लेबल लावते. आत काय आहे, हे तिला कुणी विचारायचं नाही.' खाली रुतेंडोच्या अक्षरात, मार्करने: 'चांगलं आहे. आता तिला विचार.' ईराने मला विचारलं नाही. मी वाट बघितली, पण नाही विचारलं.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे मी जे केलं त्याला एवढीच पार्श्वभूमी आहे. सबब म्हणून ते पुरेसं नाही.

मागच्या वर्षी लंडनमध्ये एक कार्यक्रम ठरला. घाना, केनिया, नायजेरिया, झिंबाब्वे, सगळीकडच्या रॅपर बायका, सगळं बायकांनीच उभं केलेलं. त्यांनी रुतेंडोला सुरुवात करायला बोलावलं. मोठा हॉल, हजारभर माणसं. त्यांनी पोस्टरवर 'म्बुया स्टीम' छापलं होतं. तिने ते हरारेला पाठवलं तेव्हा आईने पहिल्यांदा शब्द चावण्याबद्दल काही म्हटलं नाही, नुसती रडली. कार्यक्रम शनिवारी दुपारचा होता आणि त्या शनिवारी रुतेंडोची ड्यूटी होती.

"माई ईरा, मला तो शनिवार पाहिजे," तीन आठवडे आधी ती म्हणाली.

"बघते. दोघी सुट्टीवर आहेत."

रोटा, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, मी आधी पेन्सिलने कागदावर करते आणि मग कॉम्प्युटरमध्ये घालते. दुसऱ्या दिवशी डानूटा माझ्याकडे आली. "रुतेंडोचा शनिवार मी करते, तिला माझा रविवार दे." मी पेन्सिलने तसं लिहिलं. दोन मिनिटं बघत बसले आणि खोडलं. रुतेंडोला सांगितलं, "खूप प्रयत्न केला. माणसं नाहीत. नाइलाज आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं आहे असं वाटलं. "बरं," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच अर्धं वाक्य.

त्या शनिवारी मीही ड्यूटीवर होते. ट्रॉमाचं, अपघातांच्या ऑपरेशनांचं काम होतं, ट्रेवर ट्रे. रुतेंडोने लिस्ट वाचली. "आर्टरी सहा. ॲलिस चार. कात्री वाकडी एक." ठेका नाही, बोटं टेबलावर सपाट. खोली शांत होती, माझ्या लौकिकाला शोभेल अशी. दुपारी दोनला, लंडनमध्ये ती स्टेजवर असायची त्या वेळेला, तिने घड्याळाकडे बघितलं नाही. मी बघितलं.

सोमवारी लॉकरपाशी मी तिला गाठलं. दोन रात्री झोप नव्हती. "रुतेंडो, त्या शनिवारी जमलं असतं," मी म्हटलं. "डानूटा तयार होती."

"माहीत आहे. डानूटाने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"मग तू ग्रॅहमकडे का नाही गेलीस? तू! तू तर कुणाचं ऐकून घेत नाहीस."

"गेले असते तर सुट्टी मिळाली असती. ग्रॅहमकडून. मला ती तुझ्याकडून पाहिजे होती." चष्मा काढून तिने कार्डिगनला पुसला. "मला वाटलं, तू शुक्रवारपर्यंत येशील आणि सांगशील. शुक्रवारी संध्याकाळीसुद्धा मी बॅग भरून ठेवली होती. का केलंस?"

"माझी मुलगी तुझ्याशी बोलते. माझ्याशी नाही."

"हे एक झालं," ती म्हणाली आणि थांबली. तिला बरोबर कळलं होतं की वाक्य अजून संपलेलं नाही.

"आणि तुला जे येतं, ते मलाही यायचं. मी सोडलं. तू नाही सोडलंस."

"हं. आता पूर्ण झालं." तिने लॉकर बंद केला. "मी रागावलेय, माई ईरा. किती दिवस ते मला माहीत नाही. तोपर्यंत मला चहा विचारू नकोस."

त्या संध्याकाळी मी ईराला स्वतः सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, एवढाच शहाणपणा शिल्लक होता. ती म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन," आणि वर निघून गेली. नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी खाली येऊन तिने विचारलं, "तू पोएम्स लिहायचीस? रुतेंडो म्हणाली. मला का नाही सांगितलं?" मी दिवाळी अंकाचा पिवळा पडलेला कागद काढून दिला. तिला तो वाचता येईना. मी वाचून दाखवला. तिने तीन शब्दांचे अर्थ विचारले. त्यातला एक मलाही नीट सांगता आला नाही.

रुतेंडोचा राग अडीच महिने टिकला. ती काम चोख करायची, गुड मॉर्निंग म्हणायची, बाकी नाही. जूनमध्ये ईरा म्हणाली, "शनिवारी लायब्ररीत शो आहे. रुतेंडो म्हणाली तुला यायचं तर ये. पण रॅप तुझ्याबद्दल आहे."

मी गेले. मागच्या रांगेत बसले. वीसेक मुली, त्यांच्या आया, दोन-तीन म्हातारे, जे बहुधा पेपर वाचायला आले होते आणि अडकले होते. रुतेंडो कार्डिगनमध्येच उभी राहिली. नाव घेतलं नाही. एका बाईची गोष्ट, जिच्या हातात रोटा आहे. मूळ इंग्रजी आणि शोना. मराठी मी केलंय आणि त्याला मला चार दिवस लागले:

तिच्या हाती पेन्सिल होती, माझ्या नावी शनिवार,
तिनं हळूच खोडला, म्हणाली, नाइलाज फार.
खोडताना हात कापला तो पाहिला मी दुरून,
वाईट मला वाटलं खूप, डोळे आले भरून.

माझा हात कापत होता, तो तिने पाहिला होता. म्हणजे मी खोडत होते तेव्हा ती माझ्या ऑफिसच्या काचेपलीकडे उभी होती. आणि तरीही, लाज वाटत असताना, एक गोष्ट माझ्या मनात आली ती ही की तिसरी ओळ मी लिहायला हवी होती. माझा हात, माझी पेन्सिल, माझं पाप. आणि त्यावरची चांगली ओळ तिची. एवढा जळफळाट मला आयुष्यात कुणाचा झाला नसेल.

टाळ्या संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली. "जमलंय का?" तिने विचारलं. लिहिणारा दुसऱ्या लिहिणाऱ्याला विचारतो तसं.

माफी मागायची ती जागा होती. माझ्या तोंडून निघालं, "चौथी ओळ ढिली आहे."

ईराने डोळे मिटून घेतले.

"का?"

"तू रडली नव्हतीस. मी तिथे होते. तू त्या दिवशी मोजत होतीस, बोटं न वाजवता. डोळेबिळे काही भरले नव्हते. ती ओळ तू लोकांसाठी घातलीस."

रुतेंडो हसायला लागली. पेपरवाल्या म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. "अख्ख्या वर्कशॉपने ही ओळ ऐकली, एकीलाही सांगता आलं नाही," ती ईराला म्हणाली. "तुझ्या आईला इतकी वर्षं ट्रे कशाला बांधायला लावले कुणी?" आणि मग मला, "चहा आहे खाली. घेतेस?"

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका ठिकाणी तिने तेच म्हटलं. चौथी ओळ बदललेली: 'कात्र्या मोजत राहिले मी, दातांवर दात धरून.' मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंद झाल्यावर लगेच वाटलं की हेही तिलाच सुचलं.

मागच्या हिवाळ्यात तिने नोकरी सोडली. बेसिंगस्टोकला एक कंपनी ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंट्स बनवते. हॉस्पिटलांना ती वापरायला, सांभाळायला शिकवण्याचं काम तिला मिळालं. निरोपाच्या दिवशी ग्रॅहमने केक आणला. तिने लॉकरच्या दारावरच्या टेपा एकेक करून सोडवल्या, एका डब्यात भरल्या. एकही तुकडा मला दिला नाही. मी मागितला असता तर दिला असता. पॅकिंग रूममध्ये आता नवीन मुली आहेत. मी त्यांना सांगितलंय, मोजायचं तसं मोजा, आवाज आला तरी चालेल. त्या पुटपुटतात.

या सप्टेंबरात ईराला साउथॅम्प्टनच्या युनिव्हर्सिटीत सोडून मी एकटी परत येत होते. गाडी बेसिंगस्टोकला थांबली. समोरच्या प्लॅटफॉर्मवर, बाकावर, रुतेंडो बसली होती. बसलेली मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे. हिरवा कोट, पायांत चांगले बूट, मांडीवर कागद. ओठ हलत होते. एक ओळ ती म्हणत होती, एका ठिकाणी अडत होती, मान हलवून परत पहिल्यापासून सुरू करत होती. शेजारचा सुटातला माणूस हळूहळू सरकत बाकाच्या टोकाला गेला. तिला पत्ता नव्हता.

मी काचेवर हात ठेवला. वाजवला असता तर तिने वर बघितलं असतं, हात केला असता, अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल अशी हाकही मारली असती. मी वाजवला नाही. लिहिणाऱ्याला अशा वेळी हाक मारू नये, एवढं मला कळतं. शिवाय मला बघायचं होतं.

ती चौथ्यांदा अडली. कपाळाला आठ्या पडल्या. मग एकदम तिचा चेहरा मोकळा झाला. सापडला तिला शब्द. ती एकटीच हसली आणि घाईघाईने खिशातून मार्कर काढून लिहायला वाकली.

गाडी सुटली. कोणता शब्द होता, ते मी रेडिंग येईपर्यंत शोधत होते.